ओसरीवर भरणारा नर्सिंगचा वर्ग

सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी आटोपली की एखाद्या सकाळी तुमच्या गावात एक बस येते आणि ग्रामपंचायतीसमोर थांबते. एकसारख्या गणवेशातल्या वीसेक मुली खाली उतरतात. अलीकडे त्यांत चार-दोन मुलगेही असतात. दर दोघींत एक बॅग असते. सगळ्यांच्या मागून एक बाई उतरते, हातात हजेरीची वही, गळ्यात ओळखपत्र. पारावरचा एखादा म्हणतो, "आल्या पोलिओवाल्या." दुसरा म्हणतो, "न्हाय रं, सर्व्हेवाल्या दिसत्यात. कुठली तरी योजना आली असंल."

योजना नाही आणि पोलिओही नाही. त्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत आणि मागून उतरलेली बाई त्यांची मास्तरीण आहे. अशा मास्तरणींपैकीच मी एक. तुमच्या दारात उभी राहून मी मुलींना शिकवते, त्यांच्या चुका काढते, त्यांना गुण देते. हा माझा वर्गच आहे. फरक इतकाच, की त्याला फळा नाही.

आज तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. ही मुलगी तुमच्या ओसरीवर कशासाठी येते, ही पहिली. आणि तुमची स्वतःची लेक नर्सिंगला घालताना "तिथे शिकवतं कोण?" हे का विचारावे, ही दुसरी. दोन्हींचे मूळ एकच आहे. नव्या खोंडाला औताची सवय लावताना तुम्ही त्याला जुन्या, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपता. तुलना वावगी वाटली तर माफ करा, पण नर्ससुद्धा अशीच तयार होते. शेजारी जाणते माणूस उभे असावे लागते.

मास्तरीण कशी होते?

बारावी विज्ञान झाल्यावर ४ वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचे. नोंदणी झाली की ती कायद्याने नर्स. पुढे एम.एस्सी. नर्सिंग, ती २ वर्षांची. त्यात एकच शाखा घ्यावी लागते: बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसिक आरोग्य, मोठ्यांचे आजार व शस्त्रक्रिया, किंवा समाज आरोग्य. माझी शाखा शेवटची, म्हणून माझी बस तुमच्या गावात येते. महाविद्यालयात ट्यूटर, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशी चढण असते. वर्गात आम्ही 'मॅडम', वॉर्डात 'सिस्टर' आणि तुमच्या गावात 'बाई'.

आपल्या देशात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला सुरू झाली. त्याआधी रुग्णालयात काम करता करताच शिक्षण होई आणि हाती प्रमाणपत्र येई. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तोवर नर्सिंगची महाविद्यालये पुणे, मुंबई अशा सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली होती. आता बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवून दिल्याप्रमाणे चालतो आणि परीक्षा नाशिकचे विद्यापीठ घेते.

गणित औषधाचे आणि फवारणीचे

पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींत निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांच्या घरच्या असतात, असा माझा अनुभव. दहावीपर्यंत मराठी शाळा. इथे पुस्तके इंग्रजी, पेपर इंग्रजी. पहिले दोन महिने मागच्या बाकावर रडारड चालते. मी धडा दोन्ही भाषांत घेते. शब्द इंग्रजी, अर्थ मराठी. मग हळूहळू त्यांना कळते, की अडचण भाषेची होती, डोक्याची नव्हती.

औषधाच्या मात्रेचे गणित शिकवताना मी फवारणीच्या पंपाचे उदाहरण देते. १५ लिटरच्या पंपात किती मिली औषध टाकायचे, हे यातल्या कित्येक जणी बापाबरोबर शिवारात शिकलेल्या असतात. तेच इथे. १० किलो वजनाच्या बाळाला तापाचे पॅरासिटामॉल डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅमने लिहिले, म्हणजे १५० मिलिग्रॅम झाले. आता बाटली बघायची. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५०. पहिलीतले ६ मिली द्यायचे, दुसरीतले ३. लेबल न वाचता हात चालला, तर बाळाच्या पोटात दुप्पट औषध गेले. कपाशीवर मात्रा चुकली तर पाने करपतात. इथे लेकरू आहे.

म्हणून वॉर्डात नियम असा, की औषध देण्याआधी पाच गोष्टी म्हणायच्या: रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. मार्ग म्हणजे तोंडाने, स्नायूत की शिरेतून. इंजेक्शन आधी पुतळ्यावर शिकवतो. पहिल्यांदा खऱ्या माणसाच्या दंडाला सुई लावताना मुलीचा हात थरथरतो. तेव्हा मी तिच्या कोपराजवळ उभी असते. ती चुकली तर आधी रुग्णाला सावरायचे, मग तिला. ओरडायचे असेल तर नंतर आणि आडबाजूला. रुग्णासमोर ओरडले तर पुढची चूक ती लपवील, आणि लपवलेली चूक जास्त महागात पडते.

ऐकू आलं, की लिहिलंस?

आता ओसरीवरची गोष्ट सांगते. गावाचे नाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात समाज आरोग्य परिचर्या हा विषय असतो. त्यासाठी मुलींना घरे वाटून देतो. घरात गेल्यावर बॅग भुईवर टेकवायची नाही, खाली वर्तमानपत्र अंथरायचे. आधी साबणाने हात धुवायचे, मगच बॅगेतली वस्तू काढायची. घरात माणसे किती, पाणी कुठले, लहान मुलांच्या लसी झाल्या का, पोटुशी बाई कोणी आहे का, म्हातारी माणसे गोळ्या वेळेवर घेतात का, हे विचारून लिहायचे. ज्याची गरज असेल त्याचे वजन, ताप, रक्तदाब बघायचा.

एका घरात आठवा महिना लागलेली सून होती. कापूस वेचणीचे दिवस, सासूबाईंना शेतावर निघायची घाई. विद्यार्थिनीने रक्तदाबाचा पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळी लावली. मी शेजारच्या घरी दुसऱ्या जोडीजवळ होते. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मला नीट ऐकू आलं नाही. आकडा फार वरचा येतोय. मशीन बिघडलंय बहुतेक."

या ठिकाणी कित्येक विद्यार्थी काय करतात, ते मी खरे सांगते. १२० वर ८० लिहून मोकळे होतात. तो आकडा पुस्तकातला आहे, देखणा आहे, त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून वह्या तपासताना ओळीने सगळ्यांचे १२० वर ८० दिसले, की मी एकच विचारते, "ऐकू आलं, की लिहिलंस?"

या मुलीने लिहिले नव्हते, ती विचारायला आली होती. मी गेले. सुनेला पंधरा मिनिटे स्वस्थ बसवले आणि पुन्हा बघितले. १५० वर १००. मशीन ठीक होते. चेहऱ्यावर सूज होती. विचारल्यावर ती हळूच म्हणाली, की दोन दिवसांपासून डोके ठणकतेय.

सासूबाई म्हणाल्या, "पाय सुजायचेच बाई. आमचेबी सुजायचे. चार लेकरं झाली, कवा दवाखान्याचं त्वांड बघितलं न्हाई." त्यांचे काही वाईट नव्हते. त्यांनी जे पाहिले तेच त्या सांगत होत्या. मी तोंड उघडणार होते, पण थांबले. विद्यार्थिनीकडे पाहिले. उद्या ही एखाद्या उपकेंद्रात एकटी असेल, तेव्हा मी शेजारी नसणार.

ती सासूबाईंच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, पाय सुजले तर मीबी गप बसले असते. पण तोंड सुजलंय, डोकं दुखतंय आणि दाब वाढलाय. तिन्ही एका वक्ताला आलंय. आज न्यायला पाहिजे. उद्या झटके आले तर दोन जिवांचं हाय." पुस्तकातले एक वाक्य नव्हते, पण सगळे पुस्तक त्यात होते.

आशाताईंनी उपकेंद्राच्या सिस्टरना बोलावले. त्यांनी पट्टीने लघवी तपासली, प्रथिने आली. १०२ ची गाडी आली, सुनेला उपजिल्हा रुग्णालयात नेले. बाळ वेळेआधी झाले, पण दोघेही सुखरूप घरी आले, असे पुढे आशाताईंनी कळवले. त्या मुलीला मी गुण दिले ते रक्तदाब मोजल्याचे नव्हेत. "मला नीट ऐकू आलं नाही" असे म्हटल्याचे दिले.

आणि आता मुद्दा. ते वाक्य ऐकायला मी तिथे होते, कारण त्या दिवशी माझ्याकडे दहा मुली होत्या. साठ असत्या तर तिने कोणाला सांगितले असते?

दहांना एक

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे, की नर्सिंगच्या दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. हा नियम कागदाची शोभा म्हणून केलेला नाही. त्यामागचे कारण तुम्ही वर वाचलेच.

प्रत्यक्षात काय होते? चांगली महाविद्यालये आहेत, सरकारी आहेत, खासगीही आहेत. पण काही ठिकाणी तपासणीच्या दिवशी खुर्च्या भरलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या. कागदावर पंधरा शिक्षक, वर्गात पाच. एकच बाई तीन विषय शिकवते, वॉर्डही बघते, वसतिगृहाच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला. अशा ठिकाणी मुलींना वॉर्डात सोडून दिले जाते. तिथल्या सिस्टर आधीच कामाने वाकलेल्या, त्या शिकवणार कधी? मग मुलगी चार वर्षे चादरी बदलते, नळ्या पोचवते आणि पदवी घेऊन बाहेर पडते.

शिक्षक टिकत का नाहीत, हेही सांगायला हवे. एम.एस्सी. झालेल्या नर्सला खासगी महाविद्यालयात पुष्कळदा तुटपुंजा पगार मिळतो. तोही वेळेवर होईल याची खात्री नाही. तिचीच मैत्रीण सरकारी रुग्णालयात किंवा आखातात जाऊन चांगली स्थिरावते. मग शिकवायला कोण थांबणार? ज्यांना शिकवण्याचा नाद आहे तेच थांबतात. नुसत्या नादावर वर्ग किती दिवस चालणार, हा प्रश्न ज्यांनी सोडवायचा त्यांनी सोडवावा. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला. त्यातून तपासणी खरी झाली, तर आम्हा मास्तरणींना आनंदच आहे.

लेकीला नर्सिंगला घालताय?

तुमच्यापैकी कित्येक जण बैलजोडी विकून, सोसायटीचे कर्ज उचलून लेकीची फी भरतात. म्हणून पैसे मोजण्याआधी एवढे बघा.

एक. अभ्यासक्रम ओळखा. एएनएम २ वर्षांची, जीएनएम ३ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांची. तालुक्याच्या चौकात 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असा फलक दिसला, तर त्या वाटेला जाऊ नका. रुग्णसहाय्यकाचे छोटे अभ्यासक्रम असतात, ते शिकायला हरकत नाही. पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर नर्सची सरकारी नोकरी नाही.

दोन. मान्यता तपासा. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावरून बघता येते. आपले सरकार सेवा केंद्रावरच्या पोराला सांगा, तो काढून देईल. मान्यता चालू वर्षाची आहे का, हेही बघा.

तीन. प्रवेश कसा होतो ते विचारा. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते आणि त्यातून यादी लागते. "परीक्षेचं आम्ही बघतो, तुम्ही रोख आणा" असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी शासनाने २०२४ पासून शिक्षण शुल्काची सवलत वाढवली आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींसाठी ती आहे. तुमची लेक आणि तिचे महाविद्यालय त्यात बसते का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

चार, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. इमारत बघून भुलू नका. फाटकाबाहेर तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि तिला विचारा, "बाळा, वॉर्डात तुमच्याबरोबर मॅडम येतात का? किती येतात? रोज येतात का?" मग ज्या रुग्णालयात मुली शिकायला जातात तिथे एक फेरी मारा. खाटा भरलेल्या आहेत, की चादरी कडक इस्त्रीच्या आहेत? रुग्णच नसेल तर मुलगी शिकणार कोणावर?

बाजारात गाय घेताना तुम्ही दात बघता, कास बघता, दूध काढून बघता. लेकीच्या चार वर्षांसाठी एक दिवसाची चौकशी जास्त नाही.

सरपंच आणि भाऊसाहेबांना विनंती

ग्रामपंचायतीने आमच्यासाठी फार काही करायचे नाही. आमची बस येणार असल्याचे पत्र प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत आधी येते. ते फाइलला न लावता ग्रामसभेत किंवा दवंडी देऊन सांगा, म्हणजे "कोण या पोरी?" असा प्रश्न उरत नाही. बसायला समाजमंदिराची एक खोली आणि मुलींना वापरता येईल असे स्वच्छतागृह, एवढे मिळाले तरी पुरे. पहिल्या दिवशी आशाताई किंवा अंगणवाडी ताई बरोबर असली की दारे लवकर उघडतात.

त्याबदल्यात गावालाही काही मिळते. मुली नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात. टाकीत टीसीएल पावडर पडते, पण शेवटच्या आळीतल्या नळाला पिवळा रंग येतोच असे नाही. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. कधी पावडर कमी पडलेली असते, कधी पोते ओलीला ठेवल्याने तिचा जोर गेलेला असतो. मुलींचा हा कागद तक्रार म्हणून घेऊ नका. जलसुरक्षकाला दाखवा. पावसाळ्यात जुलाबाची साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आणि घरच्या मंडळींना एवढेच सांगते. पुढच्या वेळी त्या मुली दारात आल्या, तर "आमच्याकडं सगळं ठीक हाय" म्हणून वाटेला लावू नका. चहा नको, पाच मिनिटे द्या. जे विचारतील ते खरे सांगा. लसीचे कार्ड सापडत नसेल तर सापडत नाही असेच सांगा. तिचा हात थरथरला तर हसू नका. पहिल्यांदा नांगर धरला तेव्हा तुमचेही तास वाकडेच गेले होते.

ती काय शिकतेय हे तपासायचे असेल, तर मास्तरणीला विचारायची गरज नाही. आधी दंड पुढे करा, रक्तदाब मोजू द्या. आकडा सांगितल्यावर तिला तुम्हीच विचारा, "पोरी, ऐकू आलं, की लिहिलंस?" तिने तुमच्या डोळ्यांत बघून उत्तर दिले, तर समजा, तिच्यामागे कोणीतरी उभे आहे.